भुंडे हात

"वयनी, गिऱ्हाईक!"

पुढच्या ओटीवरून धाकट्या दिराची, मितेशची हाक आली, की दिपालीने हातातली मूर्ती खाली ठेवायची, उठायचं आणि पडदा ओढायचा. पडदा कसला, जुनी चादरच ती, मोराच्या नक्षीची. तिच्या मागे साच्यांची खोली. तिथे जुने फुटके साचे, रंगाचे रिकामे डबे, कोपऱ्यात ओलीने फुगलेली पोती, आणि मध्ये एका दिव्याखाली दिपालीचा पाट. हाक आली की गुणगुणणंसुद्धा बंद करायचं. खोकला आला तर पदर तोंडात धरायचा.

दिपाली ह्या घरची थोरली सून. पेणच्या खाडीकडच्या ज्या गावात ही गोष्ट घडली, तिथे घरटी एक गणपतीचा कारखाना आहे. भातशेती खारं पाणी शिरून कधीच गेली. आता श्रावण आला की ओटीवर, पडवीत, देवघरात, अगदी जिन्याच्या पायऱ्यांवरही गणपतीच गणपती. अख्खं गाव रंगाने माखलेलं. त्यात दिपालीच्या सासऱ्याच्या, धर्मा पाटलाच्या कारखान्याचं नाव होतं ते मूर्तींच्या डोळ्यांसाठी. डोळे काढण्याच्या कामाला इथे आखणी म्हणतात. सोंड कुणीही जोडेल, पितांबर कुणीही रंगवेल. पण आखणी चुकली की देव कुठे बघतोय तेच कळत नाही. धर्माच्या मूर्ती समोरच्याकडे बघायच्या. लोक लांबून यायचे ते त्या नजरेसाठी, आणि ती नजर दिपालीच्या हातची होती.

हा हात तयार केला तो सासूने, येसूबाईने. दिपाली लग्न होऊन आली तेव्हा तिला ब्रश धरता येत नव्हता. येसूबाईने तिला ओटीवर, रस्त्याच्या तोंडाला, आपल्या शेजारी पाटावर बसवलं. पहिली गोष्ट काय केली, तर तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या.

"बांगऱ्या घालून आखनी न्हाय व्हत गो बाय. मनगट टेकावं लागतं, बांगरी सरकली का ओला रंग पुसला," म्हणाली, आणि बांगड्या भिंतीतल्या खुंटीला अडकवल्या. तेव्हापासून रोजचा रिवाजच झाला. काम सुरू करताना बांगड्या खुंटीला, काम संपलं की येसूबाई स्वतःच्या हाताने त्या सुनेच्या हातात भरायची. सासूसुनेचं असं मेतकूट की शेजारणींनी नजर काढावी.

मग गणराज गेला. दिपालीचा नवरा, येसूबाईचा थोरला. काविळीचं निमित्त झालं आणि माणूस उठून गेला. बांगड्या खुंटीवरून उतरल्या त्या परत हातात चढल्या नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर दिपाली आपल्या सवयीने पाटावर जाऊन बसली. दुःखात माणसाला हाताला काम लागतं, त्याने जीव थाऱ्यावर राहतो. तर येसूबाई धावत आली आणि तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. रडत रडतच काढून घेतला, खोटं कशाला बोला.

"भुंड्या हातानी देवाचे डोले उघरू नुको गो माझे बाय. लोक काय बोलतील?"

लोक! हे लोक नावाचे सासरे प्रत्येक विधवेला नव्याने मिळतात. नवरा मेल्यावर.

दिपाली उठली. पण गंमत बघा. ती उठली आणि मूर्तींची नजर गेली. बाहेरून आणलेल्या कारागिराने काढलेले डोळे बटाट्याला टाचण्या टोचल्यासारखे दिसायला लागले. गिऱ्हाईकं कुरकुरली. तेव्हा मितेशने तोड काढली: वहिनींनी आत बसायचं, पडद्यामागे. कुणाला दिसायचं नाही. म्हणजे हात चालतो, फक्त हाताची मालकीण चालत नाही. मूर्तीला पॉलिश पेपर घासायला विधवा चालते, कान जोडायला चालते, रंगाची बादली वाहायला तर चालतेच चालते. शेजारची रंगूआत्या तरुणपणी विधवा झालेली, गेली कित्येक वर्षं ती ह्याच ओटीवर पाठीचा काटा ढिला होईस्तोवर मूर्ती घासते आहे, तिला कुणी हटकलं नाही. सगळं गाव हे जाणून होतं आणि सगळं गाव डोळेझाक करत होतं. डोळ्यांचंच गाव ते, डोळेझाक जमायचीच.

पुढे मितेशचं लग्न झालं, प्राची आली. रोह्याकडची, कॉलेज केलेली, बोलायला गोड. येसूबाईने तिला कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला आणि पुढच्या पाटावर बसवलं. गिऱ्हाईक आलं की प्राचीने ब्रश हातात धरायचा, समोर झालेली मूर्ती ठेवायची आणि हसायचं. बस्स. पहिल्यांदा प्राचीला मजा वाटली. मग तिचं हसू आंबायला लागलं.

"ताई, मला लाज वाटते हो," ती एकदा चहा घेऊन आत आली तेव्हा म्हणाली. "लोक माझ्या हाताचं कौतुक करतात."

"करू दे गो. कुनाच्यातरी हाताचं करतात ना."

दिपाली थकली होती. नुसती पाठ नव्हे, आतून थकली होती. भांडायलाही अंगात बळ लागतं, आणि ते रोजचा पडदा ओढण्यातच संपून जायचं. तिला राग येऊन गेला होता, रडू येऊन गेलं होतं, आता नुसता शीण उरला होता. एकच गोष्ट तिच्या मनाला अजून लागायची, ती म्हणजे तिची मुलगी, रुचिका. सातवीतली पोर, शाळेतून आली की पडद्याआड आईशेजारी बसायची आणि फुटक्या मूर्तीवर डोळे काढायची. हात आईचाच. येसूबाई ते बघायची आणि म्हणायची, "हात चांगला हाय पोरीचा. पन तू हिथं नुको बसू गो. काकीजवल बस पुरं." नात पुढे, आई मागे. हल्ली गिऱ्हाईक आलं की दिपालीच्या आधी पोरच उठून पडदा ओढायची. आपली लेक पडदा ओढायला शिकली, हे दिपालीला दिसत होतं.

तर त्या दिवशी हाक आली, आणि पडदा रुचिकाने ओढला.

आलेला होता रेवदंड्याचा हरेश्वर नाखवा. बोटीचा मालक, जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी हातभर उंच, लाल पितांबराची मूर्ती न्यायचा. नारळी पुनव नुकतीच झाली होती, चतुर्थी तोंडावर आलेली. नाखवा हातात नारळ घेऊन आला आणि ओटीवर ऐसपैस बसला.

"येसूबाय, यंदा नवी बोट पान्यात घातली हाय. तवा माझ्या बाप्पाचे डोले माझ्यासमोर उघरायचे. हा नारल ठेवतो आनि बसतो."

येसूबाईचा चेहरा पडला. "आत सावलीत करतो ना आमी. हिथं वारा हाय, धूल हाय..."

"मना कुठं घाई हाय? करू दे धाकट्या सुनेला. थोरलीचं वलन बरोबर उचललंन हिनी. गनराज असता तं खूश झाला असता."

पडद्याआड दिपालीने हे ऐकलं. नवऱ्याचं नाव त्या ओटीवर किती दिवसांनी कुणी घेतलं होतं.

मूर्ती आणली. प्राचीने ब्रश घेतला. तिने मितेशकडे बघितलं, मितेशने रस्त्याकडे बघितलं. मग तिने मनगट देवाच्या गालाला टेकलं आणि काळी रेघ ओढायला घेतली. चुड्यातल्या बांगड्या खळकन खाली घसरल्या, हाताला धक्का बसला आणि रेघ डोळ्यातून निघाली ती गालावरून थेट सोंडेपर्यंत गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

नाखवा ताडकन उठला. "हे रं काय? नव्या बोटीचं साल हाय माझं!"

प्राची रडायलाच लागली. येसूबाई तरातरा पडद्यापाशी आली, चादर बाजूला केली आणि दबल्या आवाजात म्हणाली, "तू कशाला पुरं सरकून बघत व्हतीस? तुझी सावली पडली. दिपे, माझं घर खाल्लंस, आता देव बी खा."

शेवटचं वाक्य येसूबाईला बोलायचं नव्हतं, ते भीतीने वदवलं. पण बोललं गेलं. आणि रुचिका तिथेच उभी होती. पोरीने आईकडे बघितलं आणि चादरीचं टोक घट्ट धरलं, परत ओढून घ्यायला.

दिपालीने लेकीच्या हातातून ते टोक सोडवून घेतलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आता न्हाय ओढायचा."

ती बाहेर आली. ओल्या फडक्याने तिने मूर्तीचा गाल पुसला, पाट पुढे ओढला आणि रस्त्याच्या तोंडाला, आपल्या जुन्या जागी बसली. आवाज चढवला नाही. तेवढं त्राण कुठे होतं?

"नाखवा, तुमच्या बाप्पाचे डोले मीच काढते. गनराज व्हते तवा बी, आनि ते गेल्यावर बी. हिनी कधीच काढले न्हाईत. मी आत बसते, कारण मी विधवा हाय. पटत असंल तर बसा. आता तुमच्यासमोर काढते."

ओटीवर सगळे हात थांबले. रंगूआत्याचा पॉलिश पेपरसुद्धा.

"भुंडे हात हायेत गो तुझे," येसूबाई कळवळून म्हणाली. "देवाचा तरी इचार कर."

"आय, मी सवाशीण व्हते तवा माझ्या बांगऱ्या कोन काढायचं?"

येसूबाईची नजर खुंटीकडे गेली.

"तुमीच काढायच्यात. हिथंच, ह्या खुंटीला लावायच्यात. आखनी भुंड्या हातानंच व्हते, हे तुमीच शिकवलंत मना. तुमी बी तशीच केलीत. ह्या घरातनं एक तरी देव भरल्या हातानं आखून गेलाय काय? मंग आताच काय झालं माझ्या हाताला?"

प्राचीने डोळे पुसले, मग मुकाट्याने आपला चुडा एकेक करून उतरवला आणि त्या खुंटीला अडकवला. ती दिपालीशेजारी बसली. "शिकवा मला," म्हणाली. रंगूआत्याने आपले रंगाने पांढरे झालेले हात मांडीवर उपडे ठेवले. तिघींचे हात एका ओळीत होते. नाखव्याने ते बघितले. त्यातला कुठला विधवेचा आणि कुठला सवाशिणीचा, ते सांगणं कठीणच होतं.

दिपालीने डोळे काढले. आधी डावा, मग उजवा. रेघ पाण्यासारखी गेली. देवाने समोर बघितलं, आणि समोर नाखवा होता.

नाखवा "इचार करतो," म्हणाला आणि नारळ न उचलताच निघून गेला.

मितेश त्या दिवशी जेवला नाही. आदळआपट केली, धंदा बुडवलात म्हणाला. दिपालीने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुढे बसली. दोन-चार गिऱ्हाईकं परत फिरली. बाकीच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि मूर्ती ठरवल्या. आभाळ काही कोसळलं नाही. फार उजेडही पडला नाही.

हरताळकेच्या दिवशी सकाळी नाखव्याचा फोन आला. मितेशने तो ऐकला आणि उजळल्या चेहऱ्याने आला. "नाखवा मूर्ती नेतोय! टेम्पो पाठवलाय. एवढंच म्हणाला, डोळे कुणी काढले ते घरी बोलायचं नाही. धाकट्या सुनेनी काढले असंच सांगणार. मी हो म्हणून टाकलंय."

दिपालीने ब्रश धुणं थांबवलं.

"त्याला सांगा, मूर्ती न्हाय देत."

"वयनी, वेड लागलं काय? हातचं गिऱ्हाईक आहे!"

"सगल्या गावाला चोरून माझे डोले हवेत. आता देवाला बी चोरून? न्हाय भावजी. नाखव्याला नजर हवी तर नाव बी घ्यावं लागंल. न्हाय घ्यायचं तर नजर बी न्हाय." तिने रुचिकाकडे बघितलं. "ही पोर हिथं बसनार हाय उद्या. तिच्यासाठी मी दुसरी चादर शिवनार न्हाय."

टेम्पो आला तसा रिकामा गेला.

चतुर्थीच्या सकाळी ओटी मोकळी झाली. गावभर झांजा वाजत होत्या. रंगाचे डाग, सुतळीचे तुकडे, आणि मधोमध ती एकच मूर्ती, लाल पितांबराची, दाराकडे बघत असलेली. आतून धर्माच्या दम्याचा खोकला येत होता, आणि येसूबाई उंबऱ्यात बसून तो ऐकत होती. तो जरा जास्त वेळ चालला की ती आपल्या हातातल्या बांगड्या चाचपायची. ह्या वर्षात तिला ती सवय लागली होती.

शेवटी ती म्हणाली, "हिला घरात घ्या. घरच्या मखरात हीच बसवा. डोले उघरल्यावं देवाला दारात नाय ठेवीत."

मितेशने मूर्ती उचलली. मखर सजलं होतं, ताम्हन तयार होतं. नाखव्याने मागे ठेवलेला नारळ रुचिकाने पुढे मांडला. ओवाळायला कुणी पुढे व्हायचं, ह्यावर सगळे थबकले. दिपाली सवयीने मागे, दाराशी उभी होती. रुचिका गेली, तिने आईचा हात धरला आणि तिला पुढे आणलं. ताम्हन तिच्या हातात दिलं.

सगळ्यांनी येसूबाईकडे बघितलं. ती फक्त जरा बाजूला सरकली, दिपालीला उभं राहायला जागा व्हावी एवढीच.

तुमच्या घरीही मूर्ती येते. मखरात बसते, तुमच्याकडे बघते, आणि तुम्ही म्हणता, काय नजर आहे हो! ती नजर कुणाच्या हातची, हे पुढच्या खेपेला कारखान्यात जाऊन विचारा. एखादी चादर हलली, तर ती बाजूला करा.