गेटमधले चार सेकंद

“अजून जरा उजळ करा ना, मुस्तफाभाई.”

मुस्तफाने माउस हलवला नाही. वैजयंतीबाईंनी काल फोन करून बोलावलं म्हणून तो सकाळी सातलाच जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात येऊन बसला होता. समोर स्क्रीनवर त्यानेच लावलेल्या गेटच्या कॅमेऱ्यातली एकोणीस दिवसांपूर्वीची सकाळ थांबवलेली. गेटात एक माणूस, मागून ऊन, आणि माणूस पार काळा. ते वैजयंतीबाईंचे यजमान, जयप्रकाश. तेही चालण्यावरून ओळखायचं.

तीस वर्षांचा नेम होता. फिरायला निघालेले जयप्रकाश गेटात थांबत, वळून वर बघत आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बाई हात करीत. त्या दिवशी मात्र बीपीच्या गोळीवरून दोघांचं वाजलं आणि बाई तोंड फुगवून स्वयंपाकघरातच राहिल्या. जयप्रकाश बागेपर्यंतही पोचले नाहीत, वाटेतच कोसळले, ते उठलेच नाहीत.

“चार सेकंद थांबलेत बघा. एवढंच सांगा, वळलेत का? वर बघतायत का?”

मुस्तफाने पुन्हा चालवून पाहिलं. वळले असतील, नाहीतर नुसते दम खायला थांबले असतील. हो म्हणायला त्याचं काय जात होतं? पण बाई अशा काही बघत होत्या की खोटं बोलायला जीभ रेटेना.

“नाय कळत, काकी. सेटिंग बदललं तर पुढचं बदलतं. मागचं रेकॉर्डिंग हाय तसंच राहतं.” तो घुटमळला. “चूक माझी हाय. मागून ऊन आलं तरी चेहरा दिसावा म्हनून बॅकलाइटचं सेटिंग असतं. रंग फिके दिसतात असं कमिटीवाले बोलले, मी बंद केलं. पार मोरा बंदरावरून येतो मी, त्या दिवशी पोचेस्तोवर दुपार झाली. चार वाजता पिक्चर झकास दिसलं.”

वीस वर्षं कॅमेरे लावणारा माणूस, आणि सूर्य कुठून उगवतो तेच विसरला! त्याला स्वतःची लाज वाटली.

“कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात,” बाई हळूच म्हणाल्या. “मी तरी कुठे गॅलरीत होते?”

मुस्तफाने माउस हाती घेतला. आता करण्यासारखं एवढंच उरलं होतं, ते सेटिंग चालू करायचं. पण ते तपासायला उन्हात कुणालातरी उभं राहावं लागतं आणि वॉचमन पाणी सोडायला गेलेला.

“मी राहते,” म्हणत बाई उठल्या.

पाठमोरी काळी आकृती गेटात जाऊन थांबली. मुस्तफाने सेटिंग चालू केलं, एकेक आकडा वाढवत नेला. आधी पदर दिसला, मग पांढरा अंबाडा. मग बाई वळल्या आणि त्यांनी वर, आपल्या रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं.

“दिसतंय का हो?” मान खाली न घेता त्यांनी विचारलं.

सगळं स्वच्छ दिसत होतं, गालावरचं पाणीसुद्धा. मुस्तफाने सेटिंग केव्हाच सेव्ह केलं होतं.

“थोडं थांबा, काकी,” तो खिडकीतून म्हणाला. “अजून जमलं नाय.”