हिरवळीचा बारीक कट

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. भाजीची नव्हे हं, गवत कापायची! दोन लोखंडी चाके आणि मध्ये गोल फिरणारी पाती, एवढाच माझा संसार. मला ना इंजीन, ना वायर. कोणी ढकलले की चालायचे.

कारखान्यातून मी थेट एका सलूनवाल्या काकांच्या घरी आले. काम झाले की काका माझ्या पात्यांना चिकटलेले गवत झाडत, अंग कोरडे पुसत आणि तेलाचे बोट फिरवत. "ही माझी सगळ्यात मोठी कात्री!" असे ते शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा मी आतून मोहरून जाई.

एका वर्षी त्यांच्या लहान लेकीचा पाय मोडला. प्लास्टर निघाले, पण पोर पाय टेकवायलाच घाबरू लागली. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी हिरवळीवर अनवाणी चालवा. भीती गेली की पायात बळ येईल."

काकांनी लगेच मला बाहेर काढले. ऊन तापू लागले होते. अशा दिवसांत दुकानात येणारा जो तो म्हणे, "अगदी बारीक करा." हिरवळीलाही तसेच बरे वाटेल, असे काकांना वाटले. त्यांनी माझी पाती पार खाली उतरवली आणि गवत मुळापर्यंत भादरले.

"काय झकास दिसतंय!"

"टक्कल केलंत की हो तिचं," काकू म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत उघडी पडलेली माती तापली. गवत पिवळे पडले. लेकीने कसाबसा पाय ठेवला आणि ओरडली, "आई गं, टोचतंय!" मग ती उभी राहायलाच तयार होईना. काका कळवळले, आणि राग निघाला माझ्यावर. "हिची पातीच बोथट!" म्हणत त्यांनी मला अडगळीत लोटले. माझ्या अंगावर गंज चढू लागला.

एका संध्याकाळी काकूंनी लेकीला उचलून अंगणातल्या बाकावर बसवले. तिचे लोंबणारे पाय बाकाखालच्या गवताला लागले.

"आई, इथे मऊ आहे!"

बाकाखाली मी कधी शिरूच शकले नव्हते. तिथले गवत उंच आणि हिरवेगार होते.

"बघा," काकू म्हणाल्या, "इथे तुमचा हात पोचला नाही, म्हणून वाचलंय!"

काकांनी बोटांनी गवत बाजूला केले. खालची माती गार होती. "म्हणजे त्याची सावली त्यालाच लागते होय? मला वाटलं, उन्हाळ्यात डोकं हलकं बरं."

"तुमचं गिऱ्हाईक टोपी घालून जातं. गवताने काय घालायचं?"

काका खजील होऊन हसले. आजवर ते भर दुपारी वरवर पाणी शिंपडत, ते दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. ते पहाटे पाणी देऊ लागले, एक-दोन दिवसांआड, पण मुळांपर्यंत मुरेल असे. हळूहळू कोंब फुटले. मग त्यांनी मला बाहेर आणले, गंज खरवडला, पात्यांना धार लावली आणि ती चांगली वर चढवली. आता मी फक्त गवताची टोके छाटत होते. कापलेला चुरा काका तिथेच राहू देत. तो मातीला पांघरूण होई.

एका सकाळी लेक म्हणाली, "बाबा, मी ढकलू?"

तिने माझा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. काका शेजारी हात पसरून उभे.

"हात मागे घ्या," काकू हळूच म्हणाल्या.

एक पाऊल. मग दुसरे. मी जन्मभरात कधी चालले नव्हते इतकी सावकाश चालले. कुंपणाशी पोचल्यावर तिने दांडा सोडला आणि एकटीच वळली.

मित्रांनो, उन्हात हिरवळ थोडी उंच राहू द्या. आणि काम झाल्यावर आम्हाला ओले, मळके टाकू नका, पुसून ठेवा. कोणाचे पाऊल आमच्या भरवशावर पडणार आहे, हे आधी कुठे कळते?