सवतीच्या हातची रेघ

इलोका गेला तेव्हा त्याच्या मागे दोन बायका होत्या, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्यांचं आवार आमच्या कुंपणाला लागूनच. थोरली अक्वाउगो, धाकटी ओबिडिया. आमच्या मुलखात पुढे मोठी लढाई झाली, तिच्या बरीच आधीची ही गोष्ट. मी त्या गावात नवरी होऊन आले तेव्हा मला नटवलं होतं ते अक्वाउगोनेच. उली नावाच्या झाडाच्या शेंगा वाटायच्या, रस पिळायचा आणि बारीक काडीने अंगावर रेघा काढायच्या. काढताना रेघ जेमतेम दिसते, पाण्याने ओढल्यासारखी. सकाळी उठून पाहावं तर काळीभोर. माझ्या पाठीवर तिने कोनफळाची वेल काढली होती म्हणे. मी ती कधी पाहिली नाही, आपली पाठ आपल्याला कुठे दिसते? पण बाजारात बायका वळून वळून बघत होत्या. काढताना ती डाव्या हाताने कातडी ताणून धरायची आणि तोंडाची टकळी चालूच. "पोट आत ओढू नकोस. अगं श्वास घे, मेलीस तर तुझी आई मला धरेल!"

गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं अंग तिच्या हाताखालून गेलं होतं. कुणाच्या कमरेवर भाजल्याचा डाग आहे, कुणाला गुदगुल्या होतात, कोण रेघ ओढताना गप्प रडते, सगळं तिला ठाऊक. मी आले तेव्हा मात्र हे कमी होत चाललं होतं. मुली चर्चमध्ये पांढरा झगा घालून लग्न करू लागल्या होत्या, आणि अंगावर काळ्या रेघा असलेली नवरी पाद्रीबाबांना चालायची नाही.

नटायला येणाऱ्या बायका कमी झाल्या तशी ती भिंतीकडे वळली. पावसाळा सरला की आवाराच्या पुढच्या भिंतीवर लाल माती, पांढरी माती आणि कोळसा घेऊन चित्रं काढत बसायची. अजगर, चंद्र, पाहुण्याला देतात त्या कोलाफळाच्या फोडी. एका वर्षी ओबिडियाच्या मुलाने अबा शहरातून सिमेंटची पोती पाठवली. अक्वाउगो शेतावर गेली होती. परत येते तो भिंत करडी, सपाट, आणि ओबिडिया कौतुकाने समोर उभी.

"बघा मोठ्या बाई, आता कितीही पाऊस येऊ दे, ही काही ढासळायची नाही!"

अक्वाउगोने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. भिंतीला हात लावला. ओलं सिमेंट बोटांना लागलं, ते तिने गवताला पुसलं आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून ती सवतीशी एक शब्द बोलली नाही. ओबिडियाने सुरुवातीला मिनतवाऱ्या केल्या, मग तिलाही राग आला. काही सांगायचं असलं तर दोघी नवऱ्यामार्फत सांगायच्या. इलोका दोन घरांच्या मध्ये स्टुलावर बसून ताडी पीत म्हणायचा, "मी यांचा नवरा आहे का टपालवाला, हे मला कुणीतरी सांगा."

तो टपालवाला कोरड्या दिवसांत, धुळीचा वारा सुटला असताना गेला. सकाळी स्टुलावर बसला तो उठलाच नाही.

घराण्याच्या माहेरवाशिणी गावोगावाहून आल्या. त्यांची पुढारी इलोकाची थोरली बहीण, म्बाफो. आवाज असा की बोलायला लागली की कोंबड्या पळायच्या. तिने दोन्ही भावजयांची डोकी भादरवली, अंगावरचे मणी काढून घेतले, काळी कापडं नेसायला दिली आणि नियम सांगितले. वर्षभर काळं. बाजार नाही, गाणं नाही, कुणाच्या घरी जाणं नाही. कुणी हातात हात घ्यायचा नाही. स्वतःच्या अंगालासुद्धा हात लावायचा नाही, खाजलं तर काडीने खाजवायचं. दोघींना एकेक काडी दिली.

"वन्सं, माशी बसली तर?" ओबिडियाने विचारलं.

"बसू दे की. तिचा काय तुझ्यावर डोळा आहे?"

बायका हसल्या. अक्वाउगो हसली नाही. ती हातातल्या काडीकडे बघत होती.

तिची एकुलती मुलगी लांब जोस शहरात दिलेली, एका मास्तराला. ती दफनाला आली आणि हे सगळे विधी संपायच्या आत निघून गेली. नवऱ्याला असलं चालत नाही म्हणाली.

मग सगळे गेले. आवारात दोन विधवा राहिल्या, समोरासमोरच्या दोन घरांत, आणि मध्ये रिकामं स्टूल. आता निरोप पोचवायलाही कुणी नव्हतं. मी कुंपणावरून बघायची. सकाळी ही आपलं अंगण झाडायची, ती तिचं झाडायची, आणि मधोमध एक पट्टा दोघींनी सोडलेला, पाचोळ्याचा. मी खाणं घेऊन जायची तेव्हा वाडगा खाली ठेवून मागे सरायची, तसाच रिवाज. अक्वाउगोला बोलायला हवं असायचं. काहीही विचारायची. तुझी शेळी व्यायली का, नदीवर पाणी किती आहे. मी दोन वाक्यं बोलायची, पण घरात पोर रडत असायचं.

एकदा ती म्हणाली, "तुझ्या डाव्या खांद्यामागे एक खड्डा आहे. देवीचा. आहे ना अजून?"

"असेल की. कुठे जाणार?"

"लहान आहे, पण काडी तिथे अडकायची," ती म्हणाली, आणि आपली बोटं एकमेकांवर घासत राहिली.

पेरणी झाली, पाऊस लागला, नव्या कोनफळाचा सण आला. सणाच्या सुमारास पलीकडच्या आवारात एका मुलीचं लग्न ठरलं. तिची आजी जुन्या वळणाची, नातीला उलीने नटवायचंच म्हणून हटून बसली. मुलीची आई अक्वाउगोच्या दारापर्यंत आली, काळं कापड पाहून थबकली. विधवेचा हात नवरीला कसा लावायचा?

"कुणी दुसरं आहे का हो काढणारं?" तिने लांबूनच विचारलं.

"होत्या. मेल्या," अक्वाउगो म्हणाली.

मुलगी तांबडी पूड लावून, साध्या अंगाने गेली. मिरवणूक आमच्याच वाटेने गेली, ढोल वाजत. अक्वाउगो आत बसून होती. नंतर मी वाडगा न्यायला गेले तर जमिनीवर सगळीकडे रेघा. खाजवायच्या काडीने ओढलेल्या, दारापासून चुलीपर्यंत, वेली, चंद्र, सरड्याचे पाय. पाय कुठे ठेवावा कळेना. ती म्हणाली, "ये गं, तुडवलंस तरी चालेल." ओबिडिया तिच्या दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी तिने अंगण झाडताना अक्वाउगोच्या उंबऱ्याकडे धूळ उडू दिली नाही, हे मी पाहिलं.

वर्ष भरलं. म्बाफो आणि माहेरवाशिणी पुन्हा आल्या. दोघींना ओढ्यावर नेऊन न्हाऊ घातलं, काळी कापडं जाळली. दुसऱ्या दिवशी 'एके' वार, म्हणजे आमच्या गावच्या बाजाराचा दिवस होता. दुखवटा सुटलेल्या बाईने नटून बाजारात एक फेरी मारायची, म्हणजे ती परत माणसांत आली असं सगळ्यांना कळतं. ओबिडियाचा मुलगा न्यायला आला होता. त्याने आईसाठी छापील कापड, झंपर आणि डोक्याला बांधायचा चकचकीत रुमाल आणला होता. बाजार झाला की ती त्याच्याबरोबर अबाला जाणार, कायमची.

अक्वाउगोने पांढरं कापड नेसलं. उलीच्या शेंगा स्वतःच तोडून आणल्या, वाटल्या, रस पिळला.

म्बाफो म्हणाली, "आता कोण करतं हे? जरा पावडर फास तोंडाला आणि चल."

"वन्सं, मी अख्खं गाव नटवलं. उघड्या अंगाने नाही जाणार."

"मग नटवणार कोण तुला?"

म्बाफो खांदे उडवून जेवायला गेली. अक्वाउगो दारात बसून स्वतःच्या डाव्या हातावर काढायला लागली. तो छान झाला. मग काडी डाव्या हातात घेतली तर रेघ थरथरली. मांड्या झाल्या, पोट झालं. पाठ राहिली. ती काडी घेऊन खांद्यावरून मागे हात नेऊ बघत होती, म्हातारपणात सांधे वळतात कुठे? मी मदतीला जाणार होते, पण माझ्या आधी ओबिडिया त्या पाचोळ्याच्या पट्ट्यावरून पलीकडे आली.

"आणा ती काडी."

अक्वाउगोने वर पाहिलं. इतक्या वर्षांनी पहिलाच शब्द, आणि तोही हुकूम.

"तुला येतं का?"

"नाही येत."

"मग?"

"मग काय? तुमच्या पाठीवर काय काढलंय ते तुम्हाला थोडंच दिसणार आहे!"

अक्वाउगोने काडी दिली आणि पाठ केली.

ओबिडिया गुडघे टेकून बसली. आधी नुसतीच बघत राहिली, कुठून सुरुवात करावी ते कळेना. मग डावा हात सवतीच्या खांद्यावर ठेवला आणि पहिली रेघ ओढली.

"जाड झाली," अक्वाउगो म्हणाली. "रस झटकून घे आधी. आणि थांबू नकोस मध्ये, डाग पडतो. अगं, भात ढवळते आहेस का?"

"गप्प बसा हो, माझा हात हलतो."

"काय काढते आहेस?"

"अजगर."

"अजगराला पाय नसतात. मला चार टोचले."

"ते पाय नाहीत, चुकलं आहे," ओबिडिया म्हणाली.

मी कुंपणाशी उभी राहून हसत होते. ओबिडियाने कातडी ताणायला पूर्ण तळवा तिच्या पाठीवर टेकवला होता. अक्वाउगोने डोळे मिटले. त्यानंतर रेघ जाड झाली काय, वाकडी झाली काय, तिने कसलीच तक्रार केली नाही. रस संपला तरी ओबिडिया काही वेळ तशीच बसून होती, हात तिथेच.

"भिंतीचं..." ती म्हणाली.

"असू दे," अक्वाउगो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेघा काळ्या झाल्या होत्या. पुढून अक्वाउगो राणीसारखी, आणि मागून, देवा! बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बायकांनी तोंडावर कापड धरलं. एक म्हणाली, "अक्वाउगो, पाठीवर शेळी नाचली का गं?"

"माझ्या सवतीने काढलं आहे," ती ठणकावून म्हणाली. "तुझ्या सवतीने तुला पाणी तरी दिलं आहे का कधी?"

ओबिडिया नव्या झंपरात शेजारून चालत होती, खाली मान घालून, पण हसत होती.

लॉरी दुपारी बाजाराच्या टोकाशी आली. मुलाने गाठोडी चढवली. ओबिडिया म्हणाली, "तुम्हीही चला ना. खोली मोठी आहे."

"मी काय करू तिथे? सिमेंटच सिमेंट."

दोघी हसल्या. लॉरी सुरू झाली तशी ओबिडियाने फळीवरून वाकून हात खाली केला. अक्वाउगोने तो धरला आणि लॉरीबरोबर काही पावलं चालली. मग सोडावा लागला.

ओबिडिया पुढे दोनदा नाताळला आली, नंतर तिचे पाय गेले आणि येणं थांबलं.

त्या बाजारानंतर पाठीवरच्या रेघा आठवडाभरात फिकट होत होत पुसल्या. अक्वाउगो रोज मला पाठ दाखवायला यायची. "आहे का अजून?" "आहे, थोडा शेपटाकडे." मग एक दिवस मी म्हटलं, "नाही हो, गेला." ती बरं म्हणाली आणि गेली. आवारात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. झाडू आता एकाच बाजूला फिरायचा, आणि ओबिडियाच्या दारासमोर गवत वाढायला लागलं.

पुढच्या कोरड्या दिवसांत ती एकदा रसाचा वाडगा घेऊन माझ्या दारात आली. मी कसावा सोलत होते.

"हात दे."

"कसला सण आहे?"

"सण नाही. हात दे."

मी हात पुसून पुढे केला. ती खूप हळू काढत होती, पूर्वी इतका वेळ लागायचा नाही. मनगटापासून कोपरापर्यंत आली, मग म्हणाली, दुसराही दे. पोरं येऊन बघून गेली. ऊन नीरफणसाच्या झाडामागे उतरलं. तिने वाडगा पालथा केला, उठली आणि म्हणाली, "जरा विस्तव दे गं. घरी चूल विझलेली असेल."

मी नारळाच्या करवंटीत दोन निखारे घालून दिले. ती फुंकर घालत घालत कुंपणापलीकडे गेली.