बाहेरून-आतून फॅब्रिका

डिकीत एकूण तेवीस वस्तू होत्या. जॅक एक. पंख्याचे पट्टे दोन, त्यातला एक भेगाळलेला. स्पार्क प्लग चार. पाण्याच्या बाटल्या दोन. ओढायचा दोर एक. तुपाचा रिकामा डबा एक, आत नट-बोल्ट. ते सुटे मोजले नाहीत. पाने सहा. माझ्या वह्या पाच. या झाल्या बावीस. तेविसावी वस्तू म्हणजे पुदिन्याच्या च्युइंगमचं अर्धं पाकीट. ते हैथमचं होतं.

हैथम माझ्या बहिणीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी इनासशी लग्न करून तो आमच्या घरात आला आणि सहा महिन्यांत आमच्या गाडीच्या डिकीत त्याचं च्युइंगम राहायला लागलं.

गाडी बिस्किटी रंगाची, एकशे अठ्ठावीस नंबरचं मॉडेल, १९८८ सालची. बाबांनी ती नवी घेतली तेव्हा ते तांता शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. आईने शिवलेलं खाकी आच्छादन अजून तिच्यावर असतं. आई गेली, आच्छादन आहे. गल्लीत या मॉडेलच्या आणखी तीन गाड्या होत्या, तिन्ही दोन-तीनदा रंगवलेल्या. आमची मात्र फॅब्रिका, म्हणजे कारखान्यातून आली तेव्हाच्याच रंगातली, कुठेही पुट्टी नाही, ब्रश नाही. शुक्रवारच्या गाड्यांच्या बाजारात माणसं पत्र्यावर बोटाने टकटक करून हाच एक प्रश्न विचारतात. बाबांना कोणी न विचारताही ते सांगत, "बाहेरून-आतून फॅब्रिका," आणि मग चहा मागवत.

वह्या मी नऊ वर्षांची असल्यापासून लिहिते. ऑइल कधी बदललं, कोणता प्लग काळा पडला होता, कुठे ओरखडा आला, किती लांबीचा, कोणामुळे. बाबा गाडीखाली आणि मी बाहेर बॅटरी धरून, असे आमचे कितीतरी शुक्रवार गेले. कार्बोरेटरला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. नाजूक काम आहे, म्हणायचे. हैथम आला त्याच्या तिसऱ्या महिन्यात त्यांनी लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "मयार, तू मागच्या वेळचं सेटिंग वाचून दाखव, तो फिरवेल." मी वाचलं. त्याने फिरवलं. इंजिन इतकं शांत चालायला लागलं की बाबा हसले. ते हसू मी चौथ्या वहीत लिहिलं नाही, पण ते कोणत्या तारखेचं हे मला पाठ आहे.

यंदा बाबांचा परवाना संपत होता आणि डोळ्यांच्या तपासणीत ते पास होणार नाहीत हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. शनिवारी नोंदणी कचेरीत जाऊन गाडीचं मुखत्यारपत्र करायचं ठरलं. ज्याच्या नावाने मुखत्यारपत्र, गाडी त्याची; आमच्याकडे कोणी त्यापुढे कागद करत बसत नाही. कोणाच्या नावाने ते बाबा बोलले नव्हते. मी ड्रायव्हिंग शिकले होते, परवाना काढला होता. मला ती गाडी हवी होती. आणि हैथमला ती मिळू नये हे मला त्याहून जास्त हवं होतं. दोन्हींतला फरक मला व्यवस्थित कळत होता.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सहज म्हणाला की तुमची गाडी एप्रिलमध्ये पत्रा ठोकणाऱ्याच्या दारात दिसली होती, तुमच्या भाऊजींबरोबर. एप्रिलमध्ये मी एकवीस दिवस अलेक्झांड्रियात होते, कंपनीच्या प्रशिक्षणाला. आल्यावर मला कोणी काही बोललं नव्हतं.

मी खिडक्यांच्या चौकटी रंगवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तिथे आहे, मुठीएवढं, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालतं. गुरुवारी मी ते सही करून घरी आणलं. बाबांना सांगितलं की शनिवारच्या आधी गाडीचं प्रमाणपत्र करून देते. बाबा खूश झाले. त्यांनी शुक्रवारच्या जेवणाला उस्ता फिक्रीलाही बोलावलं. फिक्री आमचा मेकॅनिक, गाडी नवी होती तेव्हापासून तिला ओळखतो.

मुलुखियाची पातळ भाजी आणि भात झाल्यावर सगळे खाली आले. बाबांसाठी खुर्ची टाकली. मी आच्छादन काढलं, यंत्राचं शून्य जुळवलं आणि प्रत्येक भागावर पाच ठिकाणी मोजायला लागले. जुना कारखान्याचा रंग नव्वद ते एकशे तीस मायक्रॉनमध्ये असतो. एकदा वरून रंगवलं की दोनशेच्या पुढे. पुट्टी असेल तर आकडा लपतच नाही.

बॉनेट एकशे आठ. छत एकशे दोन.

"डॉक्टरीणबाई," हैथम च्युइंगम चघळत म्हणाला, "रुग्णाला भूल दिलीत ना?"

इनास हसली. उस्ता फिक्री म्हणाला की या वयात भूल दिली तर रुग्ण उठायचा नाही. बाबाही हसले, तेच हसू.

उजवीकडचे दोन्ही दरवाजे एकशे चार, एकशे अकरा. पुढचा डावा एकशे सहा. मागचा डावा उरला होता. मला खात्री होती. मी यंत्र टेकवलं आणि आकडा मोठ्याने वाचायची तयारी केली.

एकशे सात. पाचही ठिकाणी, एक-दोनचा फरक.

मी परत शून्य जुळवून परत मोजलं. एकशे सातच. बाबा फिक्रीकडे बघून म्हणाले, बाहेरून-आतून. हैथमने खिशातून नवं च्युइंगम काढून मला दिलं. मी ते घेतलं आणि यंत्र पेटीत ठेवायला वाकले, तेव्हा माझी नजर हँडलच्या खाली गेली.

तिथे काहीच नव्हतं.

मी दुसरी वही काढली. १४ मार्च २०१३: मागचा डावा दरवाजा, हँडलखाली, चार सेंटिमीटर ओरखडा, शेजारच्या तीनचाकी सायकलीमुळे. इनासची नेलपॉलिश लावून झाकला, रंग जुळला नाही. मी दरवाजा उघडला. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पाना लागल्यासारखा तडकलेला होता. पुढच्या दरवाज्याचे बोल्ट बघितले. तिथला रंग अखंड होता.

"हा दरवाजा आपला नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या गाडीचा आहे. रंग कारखान्याचाच, म्हणून आकडा बरोबर येतो. भाऊजी, आपला दरवाजा कुठाय?"

हैथमचं चघळणं थांबलं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मला खूप बरं वाटत होतं. आता बाबा त्याला काय विचारतील, तो काय सांगेल, शनिवारी काय होईल, सगळं मला एका ओळीत दिसत होतं.

"बस, मयार," बाबा म्हणाले. "मी ठोकली."

पुलाखालचा खांब होता, ते म्हणाले. रोजचा खांब. वळताना दिसलाच नाही. त्यांनी चहाचा ग्लास खुर्चीच्या हातावर ठेवला, तो नीट टेकला आहे का हे बोटांनी चाचपून बघितलं.

पुढचं फिक्रीने सांगितलं. दरवाजा पार आत गेला होता. पत्रा ठोकणाऱ्याने दोन दिवस बघून हात वर केले. दुसरे दरवाजे भंगारात हवे तेवढे होते, निळे, पांढरे, रंगवलेले. हैथम एकोणीस दिवस कामावरून सुटला की भंगारवाल्यांकडे जायचा. तांतात नाही मिळाला तर महल्ला शहरात, तिथे नाही तर कफर अल-शेखला. अकरा भंगारवाले झाले.

"मी म्हटलं, अरे, मिळेल तो आण, मी रंग मारून देतो," फिक्री म्हणाला. "कोणाला कळणार? तर म्हणतो, मयारला कळेल."

हैथम जमिनीकडे बघत होता. इनास त्याच्याकडे. म्हणजे तिलाही माहीत होतं. फिक्रीलाही. चौघांना माहीत होतं, तीन महिने, आणि चौघं माझ्यासमोर जेवत होते. तो दरवाजा बसवताना बॅटरी कोणी धरली असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू वहीत लिहिलं असतंस," बाबा म्हणाले.

मी लिहिलंच असतं. तारीख, जागा, खांब, चालवणारा कोण.

इनासने ग्लास गोळा केले. हैथमने आच्छादनाचं एक टोक धरलं, दुसरं धरायला माझी वाट बघितली, आणि मी आले नाही तेव्हा एकट्यानेच फिरून घातलं. त्याला आईच्या शिवणीचा कोपरा बरोबर ठाऊक होता, तो मागच्या दिव्यावर येतो.

शनिवारी मी बाबांबरोबर कचेरीत गेले, कारण मजकूर त्यांना कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता. मी सगळा वाचला, चासी क्रमांकासकट. गाडी ज्याला दिली त्याचं नाव आलं तिथेही थांबले नाही. बाबा म्हणाले, "रस्त्यात बंद पडली तर तो चालू करेल. तू बंद पडल्याची वेळ लिहिशील." ते गमतीने म्हणाले. शेजारी उभा असलेला हैथम हसला नाही. बाबांनी सहीची रेघ शोधायला माझं बोट धरलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर हैथमने डिकी उघडली, पाचवी वही काढली आणि पेन घालून माझ्यापुढे धरली. शुक्रवारच्या मोजणीत एकच ओळ भरायची राहिली होती. मी वही गाडीच्या छतावर ठेवून लिहिलं:

मागचा डावा दरवाजा. पाच ठिकाणी मोजला. सरासरी १०७ मायक्रॉन.