उरलेली नजर

रविवारी सगळे जेवायला बसत होते, तेवढ्यात मार्व्हाच्या कोपराचा धक्का लागून तिखट सॉसची बाटली फरशीवर फुटली.

"अगं, मासळीबाजारात विकायला बसून उडत्या माशांचे काटे न बघता काढतेस आणि घरात एवढी बाटली दिसत नाही?" थोरला भाऊ एव्हर्टन हसला.

मार्व्हाला हसू आलं नाही. बाजूचं तिला दिसेनासं झालं होतं. डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला होता. उजव्यावर शस्त्रक्रिया झाली, पण जखम भरताना पाणी झिरपायला केलेली वाट बुजली आणि डोळ्यातला दाब पुन्हा चढला. ब्रिजटाउन शहरातल्या डॉक्टरीणबाई आता ते पाणी वाहून जायला लहानशा छेदातून केसासारखी बारीक नळी बसवू म्हणत होत्या. मार्व्हा मात्र टाळत होती.

"एकदा कापून काय मिळालं?" एव्हर्टन म्हणाला. "आपल्या घराण्यात उतारवयात डोळे जातातच. आजोबांचे गेले, आत्याचे गेले. देवाची मर्जी!"

"देवाच्या नावावर खपवू नकोस रे!" आयँथी आत्या कडाडली. तिला आता उजेड-अंधारही कळत नसे. "माझीही शस्त्रक्रिया फसली होती. सगळे म्हणाले, राहू दे. मीही राहू दिलं. माझे डोळे त्या 'राहू दे'नं नेले! मार्व्हा, गेलेलं परत येणार नाही गं. पण उरलंय ते का घालवतेस?"

"पुन्हा फसलं तर, आत्या?"

"फसेलही. पण बसून राहिलीस तर जाणारच! आणि एव्हर्टन, तू कधी दाखवलेस डोळे? रक्त तर तेच आहे."

एव्हर्टन खाली वाकून फुटलेल्या बाटलीच्या काचा गोळा करू लागला.

अखेर मार्व्हा नळी बसवून घ्यायला गेली. शस्त्रक्रिया इतक्या लवकर आटोपली, की तिनंच विचारलं, "झालं?"

पुढच्या तपासण्यांत दाब हळूहळू उतरत गेला. एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मला काळजी नाही! फक्त तपासणी चुकवू नका." मार्व्हाला रडूच कोसळलं. कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

सोबत आलेला एव्हर्टन घुटमळला. "बाई, माझेही बघता का जरा?"

त्यालाही सुरुवात झालीच होती! पण वेळेत कळलं आणि थेंबांवर भागलं. घरी आल्यावर त्यानं आधी आत्याचे हात धरले. "आत्या, तू ओरडलीस म्हणून वाचलो गं."

"मग आता तू ओरड," आत्या म्हणाली. "धाकट्या भावंडांनाही ने."

वाचकहो, काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, म्हणून तो घराघरांत मुकाट्यानं नजर नेतो. घरात एकाला असेल तर सगळ्यांनी डोळे तपासून घ्या. आणि एक उपाय फसला म्हणून उरलेली नजर सोडून देऊ नका!