टाकी भरली त्या दिवशी

दरवर्षी ठरलेल्या महिन्यात सरकारी कार्यालयांमध्ये मदतनिधी गोळा होतो. परिपत्रक येतं, पाठोपाठ डबा येतो आणि कुणीतरी टेबलाटेबलावरून फिरू लागतं. आपल्यापैकी अनेकांनी त्या डब्यात कधी ना कधी पैसे टाकले असतील. मनापासून टाकले, की डबा पुढ्यात आला म्हणून टाकले, हे मात्र आपल्याला कुणी विचारलेलं नसतं.

पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत हा डबा खुद्द मॅडमच फिरवत. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल त्यांच्या शत्रूलाही शंका आली नसती. त्यांची आई शेवटच्या आजारात ज्या खाटेवर होती, ती खाट एका सेवाभावी संस्थेनं वापरायला दिली होती. रुग्णांना लागणारं साहित्य ही संस्था फुकट देते आणि गरज संपली की परत घेते. कार्यालयाचा निधी याच संस्थेला जाई. तेव्हापासून निधीचा महिना आला की मॅडमच्या अंगात वारं शिरे.

त्यांनी एक युक्तीही काढली होती. दाराजवळच्या भिंतीवर पुठ्ठ्याची मोठी टाकी लावली होती. जो पैसे देईल त्याच्या नावाचा निळ्या कागदाचा थेंब त्या टाकीत चिकटवायचा. सगळ्यांचे थेंब लागले की टाकी भरली आणि कार्यालयाचा सहभाग शंभर टक्के झाला. ज्या कार्यालयाचा सहभाग शंभर टक्के होई, त्याला वरच्या कार्यालयाकडून मानाची ढाल मिळे.

"मॅडम, हे नियमात बसत नाही," ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ म्हणाले. त्यांना सगळे नियमकाका म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. "साहेबानं हाताखालच्या माणसाकडे स्वतः मागायचं नाही, असं परिपत्रकात आहे. बरोबरीच्या माणसानं पाकिटं वाटायची आणि बंद पाकिटं गोळा करायची. कुणी दिलं, कुणी नाही, हे तिसऱ्याला कळता कामा नये."

"काका, तो नियम पैसे खाणाऱ्यांसाठी आहे. आपण काय घरी नेतोय?"

"हातमोजे न घालता आणलेला नमुना तुम्ही घेता का?"

"अजिबात नाही."

"का? पाणी तर तेच असतं."

"पाणी तेच असतं, पण बाटलीच्या तोंडाला बोट लागलं की आपण पाणी तपासत नाही, बोट तपासतो. हे तुम्ही मला शिकवताय?"

"मग बघा. तुम्ही डबा घेऊन उभ्या राहिलात की डब्यात पडतं ते दान नसतं. तुमच्या खुर्चीचं वजन असतं ते."

मॅडम हसल्या. "काका, तुम्ही निवृत्त झालात की तुमच्या जागी परिपत्रकांचं कपाट ठेवू. पगार तरी वाचेल." सगळे हसले. काकाही हसले, पण चष्मा पुसत राहिले.

टाकी भरत आली आणि अडली. एकच थेंब कमी होता. तो पेटीभाऊंचा.

पेटीभाऊ म्हणजे गावभर फिरून पाण्याचे नमुने आणणारे कर्मचारी. बर्फाची जड पेटी वर्षानुवर्षं खांद्याला लावून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. माणूस अबोल. सकाळी पेटीत बर्फ भरायचा, बाटल्या मोजून घ्यायच्या आणि निघायचं.

"पेटीभाऊ, तुमची पेटी कधी उघडणार?" आस्थापनेच्या लिपिक बाई म्हणाल्या. कार्यालयातली प्रत्येक बातमी आधी त्यांना कळे, म्हणून त्या बातमीताई. "तुमच्या एका थेंबापायी आमची ढाल बुडतेय."

"देतो," पेटीभाऊ म्हणाले.

"देतो देतो म्हणून आठवडा झाला. बर्फसुद्धा इतका वेळ टिकत नाही हो."

त्याच आठवड्यात पेटीभाऊंनी एक अर्ज दिला होता. दुपारच्या फेरीआधी तासभर घरी जाऊ द्यावं, घरगुती अडचण आहे, एवढाच मजकूर. मॅडमनी तो वाचला होता. परवानगी द्यायची हेही मनाशी ठरवलं होतं. फक्त फेरीचं वेळापत्रक एकदा बघू, म्हणून तो काचेच्या पेपरवेटखाली ठेवला होता.

नमुन्यांवर सही घ्यायला पेटीभाऊ आत आले, तेव्हा त्यांची नजर त्या अर्जावर गेली.

"अर्ज बघितला का, मॅडम?"

"हो, बघते. वेळापत्रक जुळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. आणि त्याच दमात, सही करता करता, "आणि अहो, टाकीत तुमचा एकच थेंब राहिलाय. तेवढं बघा."

दोन वाक्यांमध्ये त्यांनी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

पेटीभाऊंनी वरच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि डब्यात टाकल्या. औषधांच्या दुकानाची चिठ्ठी नोटांबरोबर बाहेर आली होती, ती तेवढी परत खिशात ठेवली. संध्याकाळी टाकी भरली. बातमीताईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जावर मॅडमची सही झाली. पेटीभाऊंनी त्यातून जो अर्थ काढला, तोच तुम्ही-आम्हीही काढला असता.

त्याच रविवारी संस्थेच्या चिटणीसांचा फोन आला. आज साहित्यवाटप आहे, तेव्हाच धनादेश द्या, म्हणजे चार लोकांना दिसेल. मॅडम तयार झाल्या आणि बातमीताईंना सोबत घेऊन गेल्या.

सभागृहात एका बाजूला साहित्य मांडलं होतं. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, आणि एका कोपऱ्यात हवेची गादी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ही गादी देतात. समोर नंबराचे बिल्ले घेऊन लोक बसले होते. धनादेश दिला गेला. चिटणीसांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"या कार्यालयातल्या प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं मदत केली आहे! आता ज्यांना साहित्य मिळणार आहे त्यांनी पुढे या. देणारे आणि घेणारे, सगळ्यांचा एकत्र फोटो घेऊ."

खुर्च्या सरकल्या. लोक उठू लागले. दुसऱ्या रांगेतला एक माणूस मात्र पुढे न येता मागे वळला. त्यानं हातातला बिल्ला खुर्चीवर ठेवला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडला. चेहरा दिसला नाही. पण उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता.

"हवेची गादी," चिटणीसांनी पुकारलं. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. "ठीक आहे, पुढचा नंबर." एक तरुण धावत आला आणि गादी काखोटीला मारून घेऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, नुसती घाई होती.

त्या दिवशीचा फोटो निघाला. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत, मॅडम दाराकडे.

सोमवारी त्यांनी नियमकाकांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पेटीभाऊंच्या घरी कोण आजारी आहे?"

"बायको. अर्धांगवायू. पाठीला जखम झालीय. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. सकाळी शेजारची बाई बघते, दुपारी कुणी नसतं. म्हणून तो तास मागितला होता."

"तुम्हाला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलं?"

"कुठे बोलू नका म्हणाला होता. मला सगळं भिंतीवर लावायची सवय नाही, मॅडम."

"काका, मी तो अर्ज मंजूर करणारच होते. त्यांनी एक पैसा दिला नसता तरी केला असता. आईशपथ."

"ते तुम्हाला माहीत होतं," काका म्हणाले. "त्याला कुठे माहीत होतं?"

मॅडमनी संस्थेला फोन लावला. हवेच्या गाद्या सगळ्या बाहेर गेल्या होत्या. एखादी परत आली की कळवू, असं उत्तर मिळालं. एखादी परत कधी येते, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनीही आईची खाट परत केली होती.

तेव्हा त्यांनी दुकानातून नवी गादी विकत घेतली आणि संध्याकाळी स्वतः पेटीभाऊंच्या घरी गेल्या.

एकच खोली होती, पण लख्ख. भिंतीवर एक आरसा तिरका टांगला होता. भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बाईला त्यातून दार दिसावं म्हणून.

"मॅडम ना तुम्ही?" ती आरशातूनच म्हणाली. शब्द थोडे ओढत येत होते. "हे सांगतात, तुमच्या सहीशिवाय गावात पाणी पीत नाही कुणी."

मॅडमना हसता आलं नाही. खोलीत औषधाचा वास होता आणि त्याखाली दुसराही एक वास होता. तो त्यांनी आईच्या वेळी एकदाच घेतला होता आणि ओळखला.

पेटीभाऊ त्यांना दाराबाहेर घेऊन आले. गादीच्या खोक्याला त्यांनी हात लावला नाही.

"तुम्ही उठून का गेलात?" मॅडमनी विचारलं. "तुमचा नंबर होता."

"काय करणार, मॅडम. भिंतीवर माझं नाव लागलंय. तिथं घ्यायला उभा राहिलो असतो तर लोक म्हणाले असते, हा एका हातानं टाकतो आणि दुसऱ्या हातानं काढतो. अख्ख्या कार्यालयाच्या नावानं निघणाऱ्या फोटोत."

"मला सांगायचं होतं. नाही म्हणायचं होतं."

"तुम्हाला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "माझा अर्ज तुमच्या टेबलावर होता."

मॅडमनी खोकं पुढे केलं. "ही तरी घ्या."

"तुम्ही आणलीत तर मी नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू? उद्या याच्या बदल्यात काय, ते मला कळत नाही." ते खाली बघून बोलत होते. "संस्थेत पुन्हा नंबर लावलाय. येईल."

मॅडम खोकं घेऊन परत निघाल्या. त्या रस्त्यात त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपण चांगलंसुद्धा करायला गेलो तरी आपली खुर्ची आपल्या आधी दारात जाऊन उभी राहते.

दुसऱ्या दिवशी काकांनी खोकं मागून घेतलं. "माझ्याकडे द्या. मी ठेवून येतो. कुणाची ते मी सांगणार नाही, आणि तो विचारणार नाही."

गादी पोचली. पण जखम आत खोल गेली होती. ताप चढला, इस्पितळात हलवावं लागलं, आणि तीन आठवड्यांनी पेटीभाऊंची बायको गेली.

रविवारी पहिली गादी मिळाली असती, तर ती वाचली असती का? कुणीही प्रामाणिक माणूस याचं उत्तर हो किंवा नाही असं देणार नाही. दोनदा तपासता येईल असा तो नमुना नव्हता. तिच्या वाट्याचे काही दिवस मात्र उघड्या जखमेवर गेले, आणि ते दिवस एका फोटोसाठी आणि एका ढालीसाठी गेले.

कार्यालयात कुणी नव्हतं, तेव्हा मॅडमनी भिंतीवरची टाकी स्वतःच्या हातानं काढली. गोंद पक्का होता. पुठ्ठ्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला. ढाल आली होती, ती त्यांनी न उघडता कपाटात टाकली. पेटीभाऊ कामावर परतले, तेव्हा त्यांनी त्या उघड्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि पेटीत बर्फ भरायला घेतला.

"पेटीभाऊ, माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. हे त्या केबिनमध्ये नाही, सगळ्यांसमोर म्हणाल्या.

पेटीभाऊंनी झाकण लावलं. "दुपारचा तास आता नको, मॅडम," ते म्हणाले. "तेवढा अर्ज रद्द करा." आणि पेटी खांद्याला लावून निघून गेले. बातमीताई खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी परिपत्रक आलं. मॅडमनी सगळ्यांना जमवलं आणि ते स्वतः मोठ्यानं वाचलं. मग म्हणाल्या, "पाकिटं काका वाटतील. ज्याला द्यायचंय त्यानं द्यावं, ज्याला नाही त्यानं रिकामं पाकीट बंद करून टाकावं. रिकाम्या पाकिटाला कारण लागत नाही. डबा इथं उघडणार नाही, थेट संस्थेत जाईल. मी तो बघणार नाही, हात लावणार नाही, आणि तो फिरेल तेव्हा खोलीत थांबणारही नाही."

"आणि ढाल?" कुणीतरी मागून विचारलं.

"तहान लागली तर ढालीतून पाणी पिता येत नाही," नियमकाका म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

मॅडम बाहेर जाऊन बाटल्या धुवायच्या मोरीपाशी उभ्या राहिल्या. आतून पाकिटांची सळसळ ऐकू येत होती. कुणाचं जड, कुणाचं हलकं, हे त्या आवाजावरून कळत नव्हतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ते कळू नये असंच वाटत होतं. आईची आठवण आली. ती खाट कुणाच्या पैशांतून आली होती, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. म्हणूनच आई तिच्यावर निवांत झोपू शकली होती.

नागरिकांनो, आपणही कुठे ना कुठे कुणाचे तरी साहेब असतो. कार्यालयात नसलो तर घरात, सोसायटीत, मंडळात. चांगल्या कामासाठी हात पुढे करण्याआधी एकदा बघून घ्यावं, की समोरच्याचा एखादा अर्ज आपल्या टेबलावर तर नाही ना. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला दान म्हणत नाहीत. आणि नियम जेव्हा आपल्या चांगुलपणाच्या आड येतो असं वाटतं, तेव्हा तो बहुधा दुसऱ्या कुणासाठी तरी आडोसा होऊन उभा असतो.

दार उघडलं. पेटीभाऊ बाहेर आले. बाटल्या काढून घेतलेली पेटी त्यांनी मोरीत उपडी केली, वितळलेल्या बर्फाचं पाणी ओतून दिलं.

"झालं, मॅडम," ते म्हणाले. "आत या."

मॅडम आत गेल्या. डबा टेबलावरच होता. त्याच्याकडे न बघता त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि सकाळच्या नमुन्यांवर सह्या करू लागल्या.