बयोला हाक

वाघांच्या पिंजऱ्यांवर काम करणाऱ्या त्या बाईला सगळी प्राणिबाग मावशी म्हणत असे. मांजर म्हणजे वाघाची मावशी, तेव्हा तुमचं मांजराशी नातं काय, हा विनोद कामावर येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात करायचा आणि मावशीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. वय चौपन्न, अंगाने ठेंगणी. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून निघाली की बाई कमी आणि बूटच जास्त दिसत. पण बागेत दुसऱ्या कोणालाही न जमणारी एक गोष्ट तिला जमत होती. तिने हाक मारली की वाघीण येत असे.

वाघिणीला पाटीवर चांगलं लांबलचक, भारदस्त नाव होतं. मावशी तिला बयो म्हणे. बयोच्या जागेत दोन खोल्या होत्या. आतली अंधारी, वाळलं गवत पसरलेली, बाळंतपणाची. बाहेरची सिमेंटची, जेवणाची. मध्ये सरकतं लोखंडी दार, आणि ते पाडायचा दांडा गजांच्या अलीकडे, माणसांच्या बाजूला. बाळंत झालेली बयो पिल्लांना सोडून जेवायलाही उठत नसे. मांसाचा तुकडा दाखवा, टाळ्या वाजवा, ढिम्म हलायची नाही. मावशीने मात्र गजांशी बसून "ये गं बये, ये" म्हटलं की ती अंग झाडून बाहेर येई. मावशी दांडा ओढी, दार पडे. मग मागच्या दाराने आत जायचं आणि पिल्लं टोपलीत घालायची, एवढंच काम उरे.

असं चार वेळा झालं होतं. चार वेळांची मिळून नऊ पिल्लं.

पिल्लांचे डोळे उघडायच्या आत ती उचलायची, हा बागेचा नियम. म्हणजे डोळे उघडले की समोर पहिल्यांदा माणूस दिसतो, आणि मग ती कोणाच्याही मांडीवर बसतात. रविवारी रांग लागे. पाच मिनिटं पिल्लू मांडीवर, हातात दुधाची बाटली, एक फोटो. पाच महिन्यांत नख्या टणक झाल्या की एक ट्रक येई आणि पिल्लं "दुसऱ्या चांगल्या जागी" जात. एव्हाना बयो पुन्हा माजावर आलेली असे. रानातली वाघीण पिल्लांना दोन वर्षं जवळ ठेवते म्हणतात. इथे बयोच्या घरी दरसाल पाळणा हलत होता, आणि दरसाल रिकामाही होत होता.

खोटं कशाला सांगा, मावशीला हे सगळं आवडत होतं. दर तीन तासांनी बाटली, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पोट पुसायचं, कारण आई चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लाला लघवीही होत नाही. नऊच्या नऊ जणांचं तिने हे केलं होतं. पिल्लं नेल्यावर बयो दोन दिवस गवत हुंगत फिरे आणि घशातल्या घशात हाका मारी. तिसऱ्या दिवशी गप्प. "विसरली बघा," बाग चालवणारे साहेब म्हणत. "जनावर ते, त्याच्या काय लक्षात राहणार!" या एका वाक्यावर मावशी चार वर्षं निवांत झोपली होती.

पाचव्या खेपेला दोन पिल्लं झाली, आणि त्याच आठवड्यात बागेची डॉक्टरीण दुसऱ्या एका बागेतून परत आली. तिथला एक वाघ आजारी होता, म्हणून तिला बोलावलं होतं. तरुण पोरगी, बोलायला सरळ. हात धुता धुता तिने मावशीला सांगितलं, "मावशी, तो वाघ आपला होता. तुमचा तो फाटक्या कानाचा."

"माझा कानफाट्या?" मावशीचा चेहरा फुलला. "केवढा झाला गं?"

"मोठा झालाय. मागच्या बाजूला ठेवलाय त्याला, लोकांना दिसत नाही तिथं. आठ पावलं जातो, वळतो, आठ पावलं येतो. दिवसभर तेच."

"आणि मोठा झाल्यावर रानात सोडणार म्हणाले होते ना?"

"शिकार कोण शिकवणार त्याला? तुम्ही? तुम्ही बाटली देताना जीभ वाजवायचात ना, तशी मी वाजवून बघितली. लगेच आला, मावशी. गजाला तोंड लावलं आणि गज चोखत बसला."

मावशीने नळ बंद केला. मग तो नीट बंद झाला आहे का, हे तिने उगीच दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि या खेपेला पिल्लं उचलायला नकोत म्हणाली. साहेब काही राक्षस नव्हते. बागेतल्या म्हाताऱ्या अस्वलासाठी ते घरून फळं आणत.

"मावशी, त्या अस्वलाला बघायला कोण येतं सांगा," ते म्हणाले. "कोणीही नाही. त्याचं पोट ही पिल्लं भरतात. आणि ज्या मुलाने वाघाला मांडीवर घेतलं, ते मोठेपणी वाघाच्या जिवावर उठेल का?"

"ते मोठेपणी स्वतःची पोरं घेऊन येईल, साहेब. तेव्हाही आपल्याला पिल्लूच लागेल."

साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तर मला भुलीची बंदूक वापरावी लागेल. ओल्या बाळंतिणीला भूल! पिल्लांवरच कोसळली तर? आपल्या डॉक्टरीणबाई नाही म्हणतील, मी बाहेरून दुसरा आणीन. त्यापेक्षा तुम्ही हाक मारा. तिला सुईसुद्धा टोचणार नाही. उद्या सकाळी."

आता हाक मारावी तर पिल्लं जाणार आणि न मारावी तर कदाचित बयोच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो निवृत्त बस ड्रायव्हर, घरात बसून साऱ्या जगाला रस्ता दाखवणारा.

"अगं, त्या साहेबाला घाबरतेस कशाला? वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातोच!"

"अहो, वाघाने मला अजून नखसुद्धा लावलेलं नाही," मावशी म्हणाली. "मीच तिचं घर लुटतेय, चार वर्षं."

ड्रायव्हरसाहेब उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला.

सकाळी गजांशी तिघंजण होती. मावशी, मागे साहेब, भिंतीला टेकून डॉक्टरीण. साहेबांच्या हातात टोपली होती आणि तिच्यात मऊ टॉवेल घडी करून ठेवला होता. मावशीने मांस आत सरकवलं, एक हात दांड्यावर ठेवला आणि खाली बसली. बयो मरण्यापेक्षा हे बरं, असं तिने रात्रभर स्वतःला समजावलं होतं. समजूत काही पटली नव्हती.

"ये गं बये," ती म्हणाली. आवाज नीट निघाला नाही. "ये."

आत काही हललं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मावशीने पुन्हा हाक मारली. गवत खसखसलं आणि दारात बयो उभी राहिली. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं.

मानेला अलगद धरलेलं, पाय पोटाशी घेतलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं. बयो सावकाश चालत आली. मावशीपासून हातभर अंतरावर, गजांच्या पलीकडे, तिने ते खाली ठेवलं आणि एकदा चाटलं. मग मावशीकडे पाहिलं आणि वळून परत आत गेली.

आत जे मागे राहतं ते नाहीसं होतं, हे या जनावराने चार वेळा पाहिलं होतं आणि चारही वेळा लक्षात ठेवलं होतं. विसरायचं काम माणसांनी केलं होतं. आणि एवढं लक्षात असूनही ती हाकेला आली होती, हे मावशीला जास्त लागलं.

"दार पाडा!" साहेब कुजबुजले. "मावशी, ती आत आहे तोवर पाडा! एक तरी हाती लागेल."

सिमेंटवर पिल्लू आंधळेपणाने ऊब शोधत सरपटत होतं. दांडा मावशीच्या हातात होता, जरा ओढायचा अवकाश. तिने दुसराही हात त्याच्यावर ठेवला आणि दांडा वर रेटून धरला, कोणाला ओढताच येऊ नये असा. साहेब एक पाऊल पुढे आले. डॉक्टरीण मध्ये येऊन उभी राहिली. मावशी मोठ्याने, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "ये गं बये, सावकाश ये. घाई नाही."

बयो दुसरं पिल्लू घेऊन आली. तेही पहिल्याशेजारी ठेवलं, दोघांना पोटाशी घेऊन आडवी झाली, आणि मग कुठे मान लांब करून तिने मांसाचा तुकडा ओढून घेतला. भूक लागलेली बाळंतीण जेवते तशी ती जेवू लागली. पिल्लं पोटाशी पिऊ लागली.

टोपली साहेबांच्या हातात तशीच होती.

"यापुढं मी तिला हाक मारीन ती फक्त जेवायला," मावशी म्हणाली. "दांड्यावर दुसऱ्या कोणाला ठेवा, नाहीतर मला काढून टाका. पण बंदूक आणलीत तर मी या गजांसमोर बसेन, हे आत्ताच सांगून ठेवते."

"आणि रविवारचं काय?" साहेबांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच गोंधळले होते. "लोक मुलांना घेऊन येतील हो. काय सांगू त्यांना?"

मावशीने बयोवरची नजर काढली नाही.

"सांगा, पिल्लं आईजवळ आहेत."